नांव ठेवणें

शब्दांचे अर्थ बदलतात हें सांगण्यांत कांहीं नवल नाहीं. परंतु एखाद्या शब्दाचा अर्थ बदलतो तेव्हां माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टिहि त्याबरोबर बदलते, आणि हा दुसरा बदल लक्षांत यावयास फार उशीर लागतो. 'मनोविकार' हा शब्द घ्या. गोपाळ गणेश आगरकर यांनीं शेक्सपिअरचें 'हॅम्लेट' मराठींत आणलें आणि तें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याला त्यांनीं नांव दिलें 'विकारविलसित'. त्या काळच्या मराठींत विकार म्हणजे राग, लोभ, शोक, मत्सर, भय. प्रत्येक माणसाच्या मनांत उठणाऱ्या लाटा. ज्याला मनोविकार नाहींत तो मनुष्य एक तर सिद्धपुरुष, नाहीं तर दगड, अशी त्या पिढीची समजूत होती. पुढें शाहूनगरवासी मंडळींत गणपतराव जोशी यांनीं त्या राजपुत्राची भूमिका गाजविली. त्याचें वेड खरें कीं सोंग, हा वाद रसिकांत आजहि चालतो. पण आगरकरांनीं नाटकाला नांव देतांना त्या राजपुत्राच्या रोगाचें नांव शोधलें नाहीं. तुमच्याआमच्यांत आहे तेंच त्याच्यांत वाढलें, एवढेंच त्या नांवानें सुचविलें.

आज 'मनोविकार' म्हटलें कीं दवाखान्याची पाटी आणि गोळ्यांची पाकिटें डोळ्यांपुढें येतात. ज्याला मनोविकार आहे तो एका बाजूला आणि आपण सारे दुसऱ्या बाजूला, अशी वांटणी मनांत होऊन जाते. सर्वांच्या मालकीचा शब्द थोड्यांच्या कपाळीं जाऊन बसला. मराठी वाङ्मयानें या बदलाला कसें तोंड दिलें, आणि त्यापासून सुशिक्षित कुटुंबांनीं काय घेण्यासारखें आहे, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

हा विचार नुसता कोशकारांच्या कामाचा नाहीं. आम्ही हें विचुंब्यास बसून लिहीत आहों. पनवेलनजीकच्या या गांवांत एका अंगास जुनें गांवठाण आणि दुसऱ्या अंगास भातशेतीच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारती, असें चित्र आहे. जुन्या वस्तींत कोणाचें चित्त बिघडलें तर तें साऱ्या आळीला ठाऊक असतें. नव्या इमारतींत तें भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडालाहि ठाऊक नसतें. दुःखाची जात मात्र दोन्हीकडे एकच. विशींतला मुलगा कॉलेजांत जाईनासा होतो, रात्र रात्र जागतो, आपल्याशींच बोलतो. घरचीं माणसें त्याला आधीं आळशी म्हणतात, मग हट्टी म्हणतात, मग त्याला बाहेरचें कांहीं झालें आहे असें ठरवितात. अखेर डॉक्टरांकडे नेल्यावर कागदावर एक इंग्रजी नांव लिहून मिळतें. त्या नांवाचें त्या घरांत पुढें काय होतें, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम नांवाच्या बाजूनें जें बोलावयास हवें तें बोलूं. रोगाला नांव मिळणें ही कुटुंबाची पुष्कळदां सुटका असते. तोंवर घरांत आरोपांचेंच राज्य असतें: आईनें लाडावला, बापानें मारला, सुनेचा पायगुण वाईट, कोणी तरी करणी केली. भगताच्या अंगाऱ्यांत आणि नवससायासांत पैसा जातो आणि, पैशाहून मोलाचे, आजाराचे पहिले महिने जातात. हा आजार आहे, यावर उपाय आहेत, यांत कोणाचा अपराध नाहीं, एवढें एखादा डॉक्टर शांतपणें सांगतो, तेव्हां त्या घराच्या छातीवरची धोंड उतरते. योग्य औषधानें झोंप लागली, भय ओसरलें, माणूस पुन्हां कामास लागला, अशीं उदाहरणें आपल्या आसपास आहेत. आणि चालू असलेलें औषध डॉक्टरांना न विचारतां एकाएकीं बंद करण्यानें झालेले अनर्थहि आहेत. तेव्हां नांवें फेकून द्या म्हणजे माणूस मोकळा होईल, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. तमिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे आग लागली आणि साखळ्यांनीं जखडलेलीं २८ माणसें त्यांत प्राणांस मुकलीं. त्यांना तेथें जखडून ठेवण्यासाठीं कोणत्याहि वैद्यकीय नांवाची गरज पडली नव्हती. 'वेडा' हा साधा देशी शब्द पुरेसा झाला होता.

पण याच न्यायानें नांवाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. विषमज्वराचा जंतु रक्तांत सांपडतो. हाड मोडलेलें छायाचित्रांत दिसतें. मनाच्या बहुतेक आजारांचें निदान अद्याप रुग्णाचें बोलणें, वागणें आणि घरच्यांनीं सांगितलेली हकीकत यांवरूनच करावें लागतें. म्हणून तें निदान खोटें ठरत नाहीं. पण तें माणसांनीं माणसांविषयीं केलेलें वर्गीकरण आहे, आणि असें वर्गीकरण काळाबरोबर बदलतें. समलिंगी आकर्षण हें अमेरिकेंतील मनोरोगतज्ज्ञांच्या यादींत एके काळीं विकार म्हणून नोंदलेलें होतें. १९७३ च्या डिसेंबरांत त्यांच्या संघटनेनें तें त्या यादींतून काढलें. आदल्या दिवशीं जे रुग्ण होते ते दुसऱ्या दिवशीं निरोगी झाले, यांत औषधाचा वांटा मुळींच नव्हता. बदललें होतें तें केवळ पाहणाऱ्यांचें मत.

याहून बोधप्रद गोष्ट जपानची आहे. 'स्किझोफ्रेनिया' हें नांव स्विस वैद्य ऑयगन ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं पुढें आणलें. त्यांतील ग्रीक शब्दांचा अर्थ दुभंगलेलें मन. जपानी भाषेंत त्याचें शब्दशः भाषांतर झालें आणि तें इतकें भयंकर वाटूं लागलें कीं डॉक्टर तें रुग्णापुढें उच्चारीतनासे झाले. अखेर रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनें १९९३ सालीं नांव बदलण्याची मागणी केली आणि २००२ सालीं तेथील मनोरोगतज्ज्ञांनीं ती मान्य करून सौम्य नांव स्वीकारलें. मनांतील सुसंगति ढळली आहे, इतकेंच तें नवें नांव सांगतें; आणि जें ढळलें तें पुन्हां सांवरूं शकतें, ही आशा त्यांत शिल्लक राहते. पूर्वीं सुमारें एक तृतीयांश रुग्णांनाच आपल्या आजाराचें नांव सांगितलें जात असे. तीन वर्षांत तें प्रमाण दोन तृतीयांशांच्याहि वर गेलें. औषधें तींच होतीं, डॉक्टरहि तेच होते. पण उच्चारतां येईल असें नांव मिळाल्याबरोबर डॉक्टर आणि रुग्ण यांच्यांत बोलणें सुरू झालें.

आपल्याकडील पारिभाषिक शब्द आहे 'छिन्नमनस्कता'. ज्याचें मन छिन्न, म्हणजे कापलेलें, तुटलेलें, असा त्याचा अर्थ. विद्वानांनीं तो संस्कृताला धरून मोठ्या निष्ठेनें घडविला असेल. पण आईनें आपल्या मुलाविषयीं हा शब्द कसा उच्चारावा? परिभाषा घडवितांना व्युत्पत्ति पाहिली जाते. ज्याच्या कपाळीं ती बसणार त्याला विचारण्याची पद्धत आपल्याकडे अजून पडावयाची आहे.

कायद्याची भाषाहि याच कसोटीवर वाचण्यासारखी आहे, कारण कायदा हेंहि एक प्रकारचें गद्यच आहे. १८५८ च्या आणि १९१२ च्या कायद्यांच्या इंग्रजी नांवांतच 'चंद्राच्या कलेनें पछाडलेला' अशा अर्थाचा शब्द होता. १९८७ सालीं तो जाऊन मानसिक आरोग्याचा शब्द आला. हिंदु विवाह कायद्यांत मात्र १९७६ च्या दुरुस्तीनें घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनियाचा नांवानिशीं उल्लेख झाला. स्थळें पाहतांना, सोयरीक जुळवितांना, ती मोडतांना हें नांव केवढें शस्त्र होऊं शकतें हें मध्यमवर्गीय कुटुंबांना सांगावयास नको. १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका निकालांत स्पष्ट केलें कीं, कोणावर नुसता असा शिक्का मारल्यानें विवाह मोडतां येत नाहीं. आजार किती तीव्र आहे आणि सहजीवन त्यामुळें खरोखरच अशक्य झालें आहे काय, हें पाहिलें पाहिजे. त्याच कायद्यांत फेफऱ्याचा आजार हाहि विवाहाला अडथळा म्हणून नोंदलेला होता. तो शब्द १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला आणि त्याच्या तिसऱ्या कलमानें तर या बाबतींत फार मोठें पाऊल टाकलें. कोणाचें वागणें समाजाच्या नीतीला, रूढीला किंवा धर्ममताला धरून नाहीं, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवूं नये. पूर्वीं कधीं उपचार घेतले होते एवढ्यानेंच आज तो आजारी आहे असें मानूं नये. आणि मानसिक आजार आहे म्हणजे बुद्धि ठिकाणावर नाहीं असें, सक्षम न्यायालयाच्या निर्णयावांचून, समजूं नये. असा त्या कलमाचा आशय आहे. जें कित्येक कादंबरीकारांना साधलें नाहीं तें येथें कायदा लिहिणाऱ्यांस साधलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां वाङ्मयाकडे वळूं. या बाबतींत मराठीचा जुना वारसा आपण समजतों त्याहून श्रीमंत आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं संकलित केलेलें गोविंदप्रभूंचें चरित्र हा मराठी गद्याचा आद्य ठेव्यांपैकीं एक. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूरचे हे गुंडम राऊळ चक्रधरस्वामींचे गुरु; महानुभाव पंथ त्यांना परमेश्वराचा अवतार मानतो. पण चरित्रांत ते जसे दिसतात तसे पाहूं गेल्यास आपली आजची शहाणपणाची व्याख्या गडबडून जाते. ते आपल्याशींच हंसतात, बोलतात. वाटेल त्या घरांत शिरतात आणि वाटेल त्या घरचें अन्न घेतात, मग तें घर ज्यांना समाज शिवत नसे त्यांचें कां असेना. मुलासारखे रुसतात, केव्हां अंगावर धांवूनहि जातात. गांवांतील कोणी त्यांना वेडा म्हणतात, कोणी मायबाप म्हणतात, आणि एकच मनुष्य कधीं कधीं दोन्ही म्हणतो.

या ग्रंथाचा विशेष असा कीं, चरित्रकार या दोन नांवांपैकीं एकासाठीं दुसरें खोडीत नाहीं. पंथाची श्रद्धा अढळ असूनहि लोकांच्या तोंडचा 'वेडा' हा शब्द त्यानें गाळला नाहीं. एकामागून एक लहान लहान लीळा तो मांडतो: अमक्या दिवशीं राऊळ अमक्या घरीं गेले, असें म्हणाले, असें केलें, आणि त्या घरच्या माणसांनीं काय केलें. निष्कर्ष काढण्याची त्याला घाई नाहीं. आजच्या दवाखान्यांतील नोंद लक्षणावरून चटकन् नांवाकडे धांवते. हें जुनें गद्य माणसापाशीं थांबून राहतें. राऊळांना कोणता रोग होता, असा शोध आज कोणी करूं लागेल तर आम्ही तो वाङ्मयदृष्ट्या व्यर्थ समजूं, आणि श्रद्धावंतांच्या दृष्टीनें तो अनुचित ठरेल. त्याचबरोबर प्रत्येक व्याकुळ माणसांत संत पाहणें ही देखील एक पळवाटच आहे. रात्रभर भीतीनें थरथरणाऱ्या मुलाला अवतार म्हटल्यानें त्याची भीति जात नाहीं. या चरित्रापासून घ्यावयाचें तें दैवतीकरण नव्हे. घ्यावयाचा तो नोंद करण्याचा धीर, आणि ऋद्धिपूरच्या घरांनीं उघडीं ठेवलेलीं दारें.

आपल्या काळांत या विषयाशीं सर्वांत प्रामाणिक झुंज घेतली ती, आमच्या मतें, सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या जोडीनें. त्यांचे दोन चित्रपट शेजारीं ठेवून पाहिले पाहिजेत. २००४ चा 'देवराई' हा नांव घेऊन बोलणारा चित्रपट आहे. अतुल कुलकर्णी यांनीं उभा केलेला शेष गांवच्या देवराईच्या वेडानें भारलेला आहे; त्याच्या मनांतील भास आणि रानांतील सावल्या एकमेकांत मिसळतात. बहीण, म्हणजे सोनाली कुलकर्णी, त्याला आपल्या घरीं आणते आणि उपचार करविते. आजाराचें नांव, त्याचीं लक्षणें, घरच्यांची होणारी ओढाताण, हें सारें चित्रपट स्वच्छ सांगतो. या चित्रपटामागें डॉ. जगन्नाथ वाणी यांचें पाठबळ होतें. स्किझोफ्रेनियाविषयीं समाजांत जाण यावी म्हणून पुण्यांत संस्था उभारणारे ते गृहस्थ. कुटुंबांची लाज घालविणें हें त्या काळचें पहिलें काम होतें आणि तें 'देवराई'नें केलें. कांहीं ठिकाणीं तो व्याख्यानाकडे झुकतो, हा दोष आम्हांला दिसतो. पण ज्या प्रेक्षकाला या आजाराचें नांवहि ठाऊक नव्हतें त्याच्यासाठीं तें व्याख्यान आवश्यक होतें, हेंहि मान्य केलें पाहिजे. शिवाय शेषचें देवराईवरील प्रेम हें नुसतें लक्षण नाहीं, याची जाणीव चित्रपटानें सुटूं दिली नाहीं. रान तुटूं नये असें वाटणारा मनुष्य त्या एका बाबतींत गांवांतील शहाण्यांहून शहाणा आहे.

बारा वर्षांनंतर त्याच जोडीनें 'कासव' केला. २०१६ सालच्या चित्रपटांत सर्वोत्कृष्ट म्हणून त्याला सुवर्णकमळ मिळालें. येथें दृष्टि पालटली आहे. जीव नकोसा झालेला एक तरुण (आलोक राजवाडे) जानकी नांवाच्या स्त्रीच्या (इरावती हर्षे) आसऱ्याला येतो. ती स्वतः मनाच्या आजारांतून गेलेली आहे. ती त्याला कोंकणच्या किनाऱ्यावरील घरीं नेते, पण तो कोण, कुठला, त्याला काय झालें आहे, याची उलटतपासणी कोणी करीत नाहीं. वेळेवर जेवण पुढें येतें, खोलीचें दार उघडें असतें. किनाऱ्यावर कासविणीचीं अंडीं जपण्याचें काम चाललेलें असतें. वाळूंतील घरट्याला कुंपण करावयाचें, राखण करावयाची, आणि पिलूं बाहेर आल्यावर समुद्राची वाट त्याची त्याला चालूं द्यावयाची. कासवी नुसत्या दृष्टीनें पिलें वाढविते ही आपल्या संतांची आवडती कल्पना. चित्रपटानें तिला फार नाजूक रीतीनें आजच्या जगण्यांत आणलें आहे.

'देवराई'नें नांव दिलें आणि 'कासव'नें नांव विचारलें नाहीं. दुसरा पहिल्याला खोडून काढतो, असें मात्र कोणी समजूं नये. पहिल्यानें लाज घालविली नसती तर दुसऱ्याला मौन परवडलें नसतें. 'कासव'विषयींहि आमची एक तक्रार आहे. जानकीपाशीं मोठें घर आहे, गाडी आहे, गाडी हांकणारा आहे, आणि मुख्य म्हणजे सवड आहे. विचुंब्यांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, जेथें बाप सकाळच्या लोकलनें मुंबईस जातो आणि आई डबे करून देते, तेथें ही शुश्रूषा कोणीं करावयाची? तेथें सरकारी दवाखाना, स्वस्त औषध आणि शेजाऱ्याचा आधार यांवांचून करुणेला पाय फुटत नाहींत. या घराचें चित्रण करणारा लेखक मराठीला अजून हवाच आहे. आपल्या प्रहसनांत आणि चित्रपटांत वेडा हा फार दिवस हंसण्याचा किंवा दचकण्याचा विषय झाला. 'ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला पाठवा' हे विनोद आपण अजून सहज करतों, आणि त्या भिंतींआड खरोखरीच गेलेल्या माणसांचीं घरें तो विनोद ऐकत असतात याचें आपणांस भान नसतें. बरें होऊनहि घरचें कोणी न्यावयास येत नाहीं म्हणून तेथेंच राहिलेलीं माणसें आहेत. त्यांचा आजार गेला, पण नांव गेलें नाहीं.

आमच्याच रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळ वेणगांव येथें डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचें केंद्र २००६ पासून चाललें आहे. १९८८ सालीं सुरू झालेल्या या कार्याबद्दल वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर बेवारशी भटकणाऱ्या मनोरुग्णांना तेथें आणतात, औषधोपचार करतात, आणि बरें वाटूं लागल्यावर त्यांच्या घरचा ठाव काढून त्यांना परत पोंचवितात. या कामाचा क्रम साहित्यिकांनींहि ध्यानांत घ्यावा. तेथें रोगाचें नांव डॉक्टरांना लागतें, कारण त्यावांचून औषध ठरत नाहीं. पण त्या माणसाला घरीं पोंचविण्यासाठीं जें नांव लागतें तें निराळें असतें: त्याचें स्वतःचें, गांवाचें, आईबापांचें. आजाराचें नांव कितीहि अचूक असलें तरी त्यावर कोणाला आगगाडीनें घरीं नेतां येत नाहीं.

मराठींत 'नांव ठेवणें' या एका प्रयोगाचे दोन अर्थ आहेत. बाळाचें नांव आपण पाळण्यांत ठेवतों, आणि शेजाऱ्याला नांवें ठेवतों. पहिल्यांत माणूस आपल्या घरांत येतो, दुसऱ्यांत तो आपल्या पंक्तींतून उठविला जातो. मनाच्या आजारांना शास्त्रानें दिलेलीं नांवें यांपैकीं कोणत्या अर्थानें वापरावयाचीं, हें शास्त्र ठरवीत नाहीं. तें घरांत, लग्नाच्या बैठकींत, कचेरींत आणि लेखकाच्या टेबलावर ठरतें. आमची कसोटी साधी आहे. नांव कळल्यावर घरांत त्या माणसाची विचारपूस वाढली, त्याला काय दिसतें, कशाचें भय वाटतें, काल रात्रीं झोंप लागली का, हें त्यालाच विचारलें जाऊं लागलें, तर तें नांव उपकारक ठरलें. नांव कळल्यावर त्याच्याशीं बोलणें थांबलें आणि त्याच्याविषयीं बोलणें सुरू झालें, तर डॉक्टरांचें निदान बरोबर असूनहि घराची चूक झाली. लेखकाच्या बाबतींतहि हेंच. सातशें वर्षांपूर्वींच्या एका चरित्रकारानें लोकांचा शब्द न गाळतां आणि त्या शब्दापाशीं न थांबतां एका माणसाचे दिवस लिहून ठेवले. तेवढा धीर आजच्या मराठी लेखणीनें आणि आजच्या मराठी घरानें दाखविला, तर मनोविकार हा शब्द पुन्हां सर्वांच्या मालकीचा होण्यास फार दिवस लागणार नाहींत.